निमित्ताची पँट

मला लोकांचं कौतुक करायची खोड आहे, आणि तीही चारचौघांत. नवरा म्हणतो, कौतुक करताना तुला स्वतःचाच आवाज फार आवडतो. त्याचं हे म्हणणं मी वीस वर्षं उडवून लावलं. आता लावत नाही, कारण या खोडीपायी मी एक फारसं न चालणारं पण अत्यंत गरजेचं असं दुकान बंद पाडलं. कुणाची बदनामी करून नाही. कौतुक करून.

सुरुवात किल्लीवाल्यापासून झाली. आमच्या कोपऱ्यावर किल्ल्या करून देणारा एक माणूस बसायचा. एके दिवशी तो सामान उचलून निघून गेला आणि सगळी गल्ली हळहळली. हळहळणाऱ्यांपैकी एकानेही गेल्या चार वर्षांत त्याच्याकडून किल्ली करून घेतली नव्हती. मी सोडून, कारण मी किल्ल्या हरवते. मला त्या हळहळीचा इतका संताप आला की मी त्याच आठवड्यात मोबाइलवर एक पेज काढलं, 'आपली दुकानं' नावाचं. ज्यांच्यावाचून आपलं अडतं त्यांच्याबद्दल ते असेपर्यंत बोलायचं, एवढाच नियम.

बेकरीवाल्यावर लिहिलं, तर त्याचा पाव दुपारी बारालाच संपायला लागला. छत्र्या दुरुस्त करणाऱ्यावर लिहिलं, तर त्याच्याकडे ऐन उन्हाळ्यात छत्र्या आल्या. पेजवर अकरा हजार माणसं जमली. रस्त्यात अनोळखी लोक थांबवून 'तुम्ही त्याच ना?' म्हणायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मी कुणाचंही दुकान वाचवू शकते, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. सरळच लिहिते, कारण आडून लिहिलं की लोक जास्त वेळ विचार करत बसतात.

आमच्या वरच्या मजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या शाळेत गणित शिकवतात. थोरले दीर जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आठ वर्षांचा होता. वहिनी आणि मी कधी भांडलो नाही, पण आमच्यात गूळपीठही नव्हतं. त्या मोजकं बोलतात, मी अमाप बोलते. मी दवाखान्यातून घरी आले तशा त्या रोज सकाळी शाळेत जायच्या आधी खाली यायच्या. काखेखाली लहान उशी अशी ठेव म्हणायच्या. भिंतीला तोंड करून उभी राहा आणि बोटं वर चालव, काल इथवर गेली होती, आज चार बोटं वर, म्हणायच्या. मी बहिणीला फोनवर सांगायचे, आमच्या वहिनींना प्रत्येक गोष्टीतलं कळतं बाई, आता त्या डॉक्टरही झाल्या.

महिन्याभराने त्यांनी मला एक पत्ता दिला. शाळेतल्या एका बाईंकडून मिळाला म्हणाल्या. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, एखादी पँट घेऊन जा आखूड करायला, असंही सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

ते दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होतं, एका खोलीचं. पुढे शिवणयंत्र, खिडकीत टांगलेल्या पँटा, मागे जाड पडदा. बाई साठीच्या. तोंडात कायम पाच-सहा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं हुं-हुं मध्ये. मनातल्या मनात मी त्यांचं नाव टाचणीबाई ठेवलं, तोंडावर मावशी म्हणायचे. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, टाचण्या हातात घेतल्या आणि विचारलं, "निमित्त आणलंस?"

मी पँट दाखवली. मग पडदा उघडला.

पडद्यामागे त्या आमच्यासारख्या बायकांसाठी आतले कपडे शिवायच्या. आतून कापडाचा खिसा, खिशात मऊ भरलेला आकार, आणि त्याच्या तळाशी बारीक खडे शिवलेले, म्हणजे वजन दोन्हीकडे सारखं राहतं आणि खांदा कलत नाही. तयार मिळतात तसे दोन मी घेऊन बघितले होते. एक टोचायचा, दुसरा जिना चढताना गळ्याकडे सरकायचा. मावशींनी शिवलेला घालून मी आरशासमोर उभी राहिले आणि मला रडू आलं. मावशी म्हणाल्या, रडून घे, पण हलू नकोस, टाचणी लागेल.

निमित्ताची रीत त्यांचीच होती. प्रत्येक बाईने उसवायचं, शिवायचं काहीतरी आणायचंच. कुणी बाहेर विचारलं, घरी विचारलं, तर पँट आखूड करायला गेले होते. आणि ती पँट त्या खरोखर आखूड करून द्यायच्या, मन लावून, हातशिलाईने. बाकावर आम्ही तिघी-चौघी मांडीवर पँटा घेऊन बसायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचो. नावं कुणी कुणाला विचारायचं नाही. मला हे सगळं भारी गमतीचं वाटायचं. चाळीसेक बायका, आणि त्यांच्या घरच्या सगळ्या पुरुषांच्या पँटा कशा बेतशीर! आमच्या घरात तर ही जुनी चेष्टाच होती, वहिनींच्या पँटवेडाची. पुतण्याची पँट कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली, वाढत्या अंगाचा मुलगा म्हणून त्या सतत कुठेतरी देऊन आणायच्या. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. वहिनींबद्दल मी विचार करत नसे, नुसतं मत बाळगत असे.

या वर्षी एकदा मावशी म्हणाल्या, आणखी थोडे दिवस बघते, नाहीतर बहिणीकडे निघून जाते. दवाखान्यातली जी नर्स त्यांच्याकडे नव्या बायका पाठवायची ती निवृत्त झाली होती. नव्या बायकांना दुकान माहीतच नव्हतं आणि जुन्यांपैकी काही आता राहिल्या नव्हत्या. हे दुकान गेलं तर मी कुठे जाणार होते? आणि ज्यांचं ऑपरेशन आज होतंय, त्या कुठे जाणार होत्या?

मी म्हटलं, मावशी, लिहू का मी? माझं पेज आहे. त्यांनी टाचण्यांमधूनच सांगितलं, लिही की. पँट आखूड करून मिळेल, चेन बसवून मिळेल, असं लिही.

घरी येऊन मी तसं लिहायला बसले आणि मला ते फारच मिळमिळीत वाटलं. चेन बसवून मिळेल, हे वाचून कोण येणार? मावशी लाजतात, असा मी अर्थ काढला. लाजायचं काय त्यात! मग मी सगळं लिहिलं. आधी स्वतःचं ऑपरेशन. मग पडदा, खडे, आरसा. आणि शेवटी, सगळ्यात रंगवून, निमित्त. मांडीवर पँट घेऊन बसलेल्या बायकांची ती रांग मी अशी लिहिली की वाचणाऱ्याला हसूही यावं आणि गहिवरूनही यावं. नाव कुणाचंच घातलं नव्हतं, त्यामुळे मन अगदी स्वच्छ होतं. सोबत खिडकीत टांगलेल्या पँटांचा फोटो आणि पत्ता.

तीन दिवसांत ती पोस्ट कुठल्या कुठे गेली. धाडसी, प्रेरणा, सलाम. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. एका कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, 'आमच्या मजल्यावरच्या काकू दर दोन महिन्यांनी पँट घेऊन तिकडे जातात. आज कळलं का ते. त्यांना खूप खूप प्रेम.' खाली आणखी सहाजणांनी विचारलं होतं, कोण, अमक्या का? मी त्या कमेंटवर बदामाचं चिन्ह टाकलं. हे मी लपवू शकले असते, पण टाकलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पुतण्या खाली आला. वीस वर्षांचा आहे, शिडशिडीत, वहिनींसारखाच मोजकं बोलणारा. लहानपणापासून त्याला बोटीवर जायचं होतं. मोठ्या मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला त्याची निवड झाली होती, महिन्याभरात निघायचं होतं, एकदा गेला की नऊ महिने समुद्रावर. घरात त्याच्या बॅगेचीच बोलणी चालायची. मला वाटलं त्याबद्दलच आला असेल.

"काकू, ते पँटचं खरं आहे?" त्याने विचारलं.

"अगदी खरं."

"म्हणजे तिथे जाणारी प्रत्येकजण असं काहीतरी नेते?"

"प्रत्येकजण. त्याशिवाय मावशी आत घेतच नाहीत," मी म्हटलं. "नवऱ्याची नाहीतर मुलाची, पण पँट पाहिजे."

तो 'बरं' म्हणाला आणि जिना चढून गेला. माझं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मी कमेंटना उत्तरं देत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेले तर वहिनींचं दार उघडं होतं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. पलंगावर पुतण्याच्या सगळ्या पँटा पसरलेल्या होत्या, एकूणएक उलट्या केलेल्या. वहिनी कडेला बसल्या होत्या. त्यांनी एका पँटचा पाय माझ्यापुढे धरला. खालच्या दुमडीवर जुन्या टाक्यांच्या बारीक भोकांच्या ओळी होत्या, एकावर एक.

"एवढ्या लांब पँटा मी दरवेळी कुठून आणणार?" त्या म्हणाल्या. "मावशी तीच दुमड उसवायच्या, तीच पुन्हा शिवायच्या. त्याने काल एकेक उलटी करून ओळी मोजल्या."

मी खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं, आणि मोजकंच सांगितलं. दीर गेल्यावर आठ महिन्यांत त्यांना गाठ लागली होती. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी होतो. शाळेचं प्रशिक्षण आहे म्हणून त्यांनी मुलाला सुट्टीत आमच्याकडे पाठवलं होतं. सहा आठवडे मीच त्याला सांभाळला होता, आणि आई असून फोनसुद्धा रोज करत नाही म्हणून मनातून त्यांना नावं ठेवली होती. दवाखान्यात त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. उशी कशी ठेवायची, बोटं भिंतीवर कशी चालवायची, ते त्यांनी एकटीनेच शिकून घेतलं होतं. बाप डोळ्यांदेखत गेलेल्या मुलाने आता आईकडे त्याच नजरेने बघत मोठं व्हायचं, हे त्यांना नको होतं. त्याने निवांत मोठं व्हावं आणि खुशाल लांब जावं, म्हणून अकरा वर्षं कुणाला कानोकान खबर लागू दिली नव्हती.

"सकाळी जाऊन तो बोटीच्या कंपनीला 'येत नाही' म्हणून सांगून आलाय," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, अरे, अकरा वर्षं झाली, मी ठणठणीत आहे. तर म्हणाला, अकरा वर्षं तू हेच सांगत होतीस."

सुचलं ते वाईटच सुचलं. मी म्हटलं, "वहिनी, निदान मला तरी सांगायचं. मी इथे पडले होते, तुम्ही रोज येत होतात."

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं आणि पँटांच्या घड्या घालायला लागल्या.

खाली येऊन मी पोस्ट काढून टाकली. त्याचा काही उपयोग झाला नाही. लोकांनी ती उचलून आपापल्या पेजवर टाकली होती, कुणी तिचा व्हिडिओ केला होता, मागे संगीत लावून. मी एकेकाला काढा म्हणून लिहिलं. बरेचजण म्हणाले, अहो, इतकं सुंदर आहे, का काढायचं?

मावशींच्या रस्त्यावर त्या आठवड्यात गर्दी होती, हे खरं. लोक पँटा घेऊन आले. 'माझं तसलं काही नाही हं, माझी पँट खरीच लांब आहे,' असं एकीने दारातच हसत सांगितलेलं मी ऐकलं. दोन मुली बाकाचा व्हिडिओ घेत होत्या. मला मेसेज करून पत्ता विचारणारी एक नवी बाई, नुकतीच ऑपरेशन झालेली, तिथवर आली आणि कोपऱ्यावरूनच परत गेली, हे तिनेच मला नंतर कळवलं. बाकावर बसणाऱ्या आमच्यातल्या मात्र कुणीच दिसल्या नाहीत. आता त्या रस्त्यावर हातात पँट घेऊन चालणं म्हणजे पाटी गळ्यात घालून चालणं झालं होतं.

महिन्याने मावशींचा निरोप आला, म्हणून गेले. यंत्र झाकलेलं होतं, खिडकी रिकामी. त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. त्यांचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या उद्या बहिणीकडे निघणार होत्या.

मी रडत माफी मागितली. त्यांनी मागू दिली. मग म्हणाल्या, "तू चांगल्यासाठीच केलंस, ते दिसतंय मला. पण बाई, मी तुला चेन लिहायला सांगितलं होतं."

टेबलावर खाकी कागदाच्या घड्या रचून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक बाईच्या मापाचा कागद. त्यावर नाव नाही, ओळख म्हणून एकेक वेगळं बटण शिवलेलं. हा कागद हातात असला तर दुसरी कुणी चांगली शिवणारी त्यावरून बेतू शकते, म्हणून जायच्या आधी प्रत्येकीला तिचा कागद द्यायचा, यासाठी त्या महिनाभर थांबल्या होत्या. चारजणी आल्या होत्या. बाकीच्या कुठे राहतात ते त्यांना माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. मी मोजले, छत्तीस कागद उरले होते. पेजवर निरोप टाकू का, असं मी अर्धं बोलले आणि त्यांच्या नजरेने गप्प झाले. अकरा हजार लोकांपर्यंत मी पोचत होते आणि त्या छत्तीसजणींपर्यंत पोचायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्यांनी वेगळ्या काढून ठेवलेल्या दोन घड्या मला दिल्या. एक माझी. दुसरी काळ्या बटणाची, वहिनींची. तू पहिल्यांदा आलीस त्याच्या आठवडाभर आधी ती इथे येऊन गेली होती, मावशी म्हणाल्या. माझी धाकटी जाऊ येईल, तिला जरा सांभाळून घ्या, घाबरलेली आहे, आणि मी येते ते तिला कळू देऊ नका, असं सांगून गेली होती.

मी तशीच घरी आले आणि वर गेले. पुतण्याची बोट त्याच दिवशी सुटायची होती. तारीख मला पाठ होती, सगळ्या घराला पाठ होती. दार त्यानेच उघडलं. आता तो बाजारातून पिशव्या आणायचा, आईला शाळेत सोडायला आणि आणायला जायचा. एका वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसाचं काम धरलं होतं. वहिनी आत टेबलाशी वह्या तपासत होत्या.

मी घडी त्याच्या हातात दिली. आईची आहे म्हटलं, मावशींनी दिलीय. त्याने बटण पाहिलं, घडी जपून धरली. मी वळले तेव्हा त्याने हाक मारली.

"काकू, सांगायचंच राहिलं. तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. नाहीतर मला काही कळलंच नसतं, मी आज गेलो असतो." तो खरंच हसत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "थँक्यू."

त्याच्या मागे वहिनींचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं आणि माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, काही बोलू नकोस अशी. आयुष्यात एकदा तरी मी त्यांचं ऐकलं. असू दे रे, म्हटलं, आणि जिना उतरून आले.